व्याह्यांच्या परसात शेवंती

लेकीच्या सासरी बापानं कसं वागावं, हे मला विचारू नका. कसं वागू नये, ते विचारा. त्या बाबतीत आख्ख्या जुन्नर-आंबेगावात माझा हात धरणारा कोणी निघायचा नाही. चहा घ्या आधी, गार होतोय. आणि ऐकून हसा खुशाल, फक्त आमच्या मंडळींसमोर हा विषय काढू नका. त्या अजून मला ह्यावरून ऐकवतात.

तर मी पिंपळवंडीचा. गावात टेलरिंगचं दुकान, सगळी हयात मशीनवर गेली. पण जीव अडकलेला घरापुढच्या बागेत. बाग म्हणजे तुम्ही फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. गुलाब, मोगरा, शेवंती, एक पेरू, एक लिंबू, कढीपत्ता आणि मधे तुळस. पण ह्या एवढ्याशा बागेची मी हिवाळ्यात जी बडदास्त ठेवायचो, ती लग्नात नवरदेवाचीसुद्धा कोणी ठेवत नाही.

आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीत नाही. कालवा जवळ, चहूकडं ऊस, त्यामुळे गारठा जमिनीतूनच वर येतो. पहाटेचं द्राक्षवाले बागेत उसाचं वाळलं पाचट पेटवून धूर करतात, मण्यांना थंडी लागू नये म्हणून. तो धूर आणि धुकं एक होऊन गावावर बसलं, की शेजारचं घर दिसत नाही. अशा दिवसांत माझ्या मोगऱ्याची पानं गळायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

मग मी काय करावं? माणसाला जे येतं तेच तो करतो. मी झाडांना कपडे शिवायला लागलो.

हसताय ना? हसा. गिऱ्हाइकांच्या कापडाचे उरलेले तुकडे गोळा करून मी गुलाबाला झबली शिवायचो, नाडी ओढली की खोडाशी बंद. पेरू लहान होता तेव्हा त्याला परकर होता. दिवस मावळला की घालायचे, सकाळी ऊन वर आलं की काढायचे. रस्त्यानं जाणारे मुद्दाम थांबून विचारायचे, टेलर, बाळंतीण कोण आहे घरात?

आणि ह्या खात्यात माझ्या हाताखाली, छे, हाताखाली कसली, मालकीणच ती, आमची सारिका. एकुलती एक लेक. कुठल्या झाडाला कुठलं कापड हे ती ठरवायची. गुलाबाला मखमल, कारण तो नाजूक. शेवंतीला रंगीत अस्तर. कढीपत्त्याला शाळेच्या युनिफॉर्मचं खाकी कापड, कारण तो दांडगट, त्याला शिस्त पाहिजे. संध्याकाळी ती ओळीनं झबली घालत जायची आणि प्रत्येकाला बजावायची, आता झोपायचं, बोलायचं नाही. मी मशीन थांबवून ते ऐकत बसायचो. गिऱ्हाइकाचा ब्लाउज राहिला तर राहिला.

कपड्यांच्या जोडीला अंथरूण. म्हणजे झाडाच्या बुडाशी आधी शेणखत, त्यावर बारीक काटक्या, त्यावर वाळला पाला, त्यावर पाचट, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून मातीची भुरभुर. मुळं उबेला राहतात. मग उन्हं तापल्यावर बेतानं पाणी. हे थर तुम्ही नीट ध्यानात ठेवा, कारण माझा घात ह्याच थरांनी केला.

सारिका शिकली, नर्स झाली, आणि नोकरी लागली ती तिकडं तळेघरच्या बाजूला, डोंगरात. तिथंच जीप चालवणारा एक पोरगा तिला आवडला. पोरगा सोन्यासारखा, घरचं भात-नाचणीचं रान, आईबाप देवमाणसं. मी होकार दिला. पण आमच्या बागायतीतल्या भाऊबंदांना ते पचेना. बारमाही पाण्यातली पोर डोंगरात दिली, आता डोक्यावरनं हंडे वाहील, असं तोंडावर बोलायचे. मी वरून हसून न्यायचो, पण आत कुठंतरी खुपायचंच. पोरीचं तिथं मन लागेल का? ती माणसं तिला आपली म्हणतील का? दुसरी काळजी नव्हती मला, एवढीच होती.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा आला. मी सवयीनं झबली बाहेर काढली आणि मंडळींना विचारलं, यंदा गुलाबाला कुठलं घालू?

त्या म्हणाल्या, "कुठलंबी घाला. रोपाला काय आरसा हाय का?"

बरोबरच होतं त्यांचं. पण मी झबलं हातात घेऊन तिथंच पायरीवर बसून राहिलो. त्या हिवाळ्यात बागेत काही मजाच आली नाही राव. माघ लागला तेव्हा मंडळीच म्हणाल्या, झाडांशी बोलून काय होणार आहे, जा आणि पोरीला बघून या.

मी काय रिकाम्या हातानं जाणारा? शेवंतीची मुळांसकट रोपं काढली, गुलाबाच्या फुटवा आलेल्या काड्या घेतल्या, सगळं ओल्या गोणपाटात गुंडाळलं. वर झबल्यांची एक पिशवी. पोरीला तिथं माहेरची बाग लावून द्यायची, असा आपला बेत. मंचरला गाडी बदलली, घोडेगावला बदलली, तळेघरला उतरलो आणि तिथून वाडीपर्यंत पायी. गोणपाट लेकरू घ्यावं तसं कडेवर. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, पावणं, कोणाकडं? मी सारिकाच्या सासऱ्यांचं नाव सांगितलं, की लोक आधी गोणपाटाकडं बघायचे आणि मग रामराम घालायचे.

व्याह्यांनी मला मान दिला तो काय सांगू. पाय धुवायला ऊन पाणी, बसायला घोंगडी, नाचणीच्या भाकरीवर तुपाचा गोळा. पण एक होतं. ही माणसं मला जरा बुजून होती. मी म्हणालो थंडी आहे, की ते म्हणायचे हो, लई थंडी. मी म्हणालो तशी फार नाही, की ते म्हणायचे, न्हाई, फार न्हाई. बागायतीतला पाहुणा, सुनेचा बाप, ह्याचं मन दुखवायचं नाही, असं त्या घरानं ठरवूनच टाकलेलं. हे मला तेव्हाच दिसलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका कामावर गेली, जावई जीप घेऊन गेला. व्याही आणि विहीणबाई कोयता घेऊन रानात निघाले. मला म्हणाले, "पावणं, तुमी निवांत उन्हाला बसा. आमी आलोच."

निवांत बसणं हा प्रकार मला जन्मात जमलेला नाही. मी परसात गेलो. आणि बघतो तर काय!

घरामागं चांगली ऐसपैस चौकोनी जागा, आणि तिच्यावर थर. खाली शेण, वर फांद्या-काटक्या, वर पाला, वर गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीची भुरभुर. कडा अशा सरळ, की मी टेप लावून कापड बेततो तशा. हुबेहूब माझं अंथरूण! फरक एवढाच, मी झाडाच्या बुडापुरतं घालतो आणि इथं आख्खा तुकडा झाकलेला.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. मला वाटलं, सारिकानं घरी सांगितलं असणार, आमचे अण्णा हिवाळ्यात बाग कशी जपतात ते. आणि ह्या माणसांनी सुनेचं मन रमावं म्हणून तिच्या बागेसाठी जागा तयार करून ठेवली, माहेरी असते तशीच. मला सांगताना आत्तासुद्धा कसंतरी होतं. मी तिथं उभा राहून डोळे पुसले. म्हटलं, भाऊबंदांना इथं आणून उभं केलं पाहिजे. बघा म्हणावं, माझ्या पोरीला काय घर मिळालंय!

एकच उणं दिसलं मला त्यात. सगळं कोरडं ठणठणीत. पाण्याचा थेंब नाही. मी मनात म्हटलं, असू दे, ही डोंगरातली माणसं, फुलझाडांचं त्यांना काय ठाऊक? आपण कशाला आहोत?

उतारावर खाली विहीर. मी कळशी घेतली आणि लागलो कामाला. पिंपळवंडीत बटण दाबलं की मोटर पाणी फेकते. इथं एकेक कळशी खांद्यावर घेऊन चढ चढायचा. लोक म्हणत होते पोर डोक्यावरनं पाणी वाहील, आणि वाहत होता बाप! कमरेचे टाके उसवले माझ्या. पण आख्खी जागा अशी भिजवली, की पाय ठेवला की चुबुक वाजावं. मग त्यात ओळीनं शेवंती लावली, कडेनं गुलाब लावले, आणि भर उन्हात काही गरज नव्हती तरी शोभा म्हणून सगळ्यांना झबली घालून नाड्या ओढल्या.

व्याही आणि विहीणबाई परतले तेव्हा दोघांच्या डोक्यावर फांद्यांचे भारे होते. परसात आले आणि थांबले. भारे डोक्यावर तसेच. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, कसं काय वाटतंय?

व्याह्यांनी त्या चिखलाकडं बघितलं. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, भरून आलं असणार. मग व्याही हळूच म्हणाले, "लई कष्ट घेतलं, पावणं."

झालं! मला आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, बरं झालं फांद्या आणल्या, आता कुंपण घालू, नाहीतर शेळ्या येतील. त्यांनी भारा सोडला आणि माझ्या शेवंतीला कुंपण घालायला लागले. दुपारपर्यंत निम्मी वाडी जमली. एकेक जण यायचा, आधी रोपांकडं बघायचा, मग झबल्यांकडं, मग व्याह्यांकडं. कोणी चकार शब्द काढेना. इतकं शांतपणे ऐकणारी माणसं मला पिंपळवंडीत कधी मिळाली होती? मी सुरूच झालो. थंडीत रोप कसं जपावं, मुळाला ऊब का पाहिजे, पाणी कोणत्या वेळी द्यावं. एक म्हातारे बाबा राहून राहून व्याह्यांना विचारत होते, आन् मंग भात? व्याही त्यांना डोळ्यांनी गप करायचे. मला वाटलं, बाबांना भूक लागलीय. मी विहीणबाईंना सांगून त्यांना जेवायला वाढायला लावलं.

संध्याकाळी सारिका आली. परसात गेली. आणि आली ती माझ्या हाताला धरून मला गोठ्यामागं घेऊन गेली.

"अण्णा, तुमी काय करून ठिवलंत? त्यो राब हाय."

आता राब म्हणजे काय, हे मी ऐकून होतो. डोंगरात भाताची रोपं करायची जमीन आधी भाजून घेतात. पण माझ्या डोक्यात ती भाजल्यावरची काळी जमीन. भाजायच्या आधी ती अशी नटून बसलेली असते, हे मला कोण सांगणार? ते शेण, त्या फांद्या, तो पाला गोळा करायला ह्यांचा आख्खा हिवाळा गेलेला. सगळं कडकडीत वाळवायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला पेटवायचं आणि त्या राखेत भात पेरायचं. त्या रोपांवर घराचं वर्षाचं पोट. आणि त्यावर मी विहीर रिकामी केली होती!

म्हटलं, आत्ता जाऊन व्याह्यांचे पाय धरतो. सारिकानं मला खाली बसवलं. म्हणाली, "अजिबात न्हाई. तुमाला कळलंय हे त्यांना कळलं, तर लई वाईट वाटंल त्यांना. पावण्याला खाली बघाय लावलं म्हणून अन्न गोड लागायचं न्हाई."

म्हणजे बघा माझी गत. मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये, आणि त्यांचं नुकसान झालंय हे मला कळता कामा नये. जेवायला बसलो. पानात भात आला. घास तोंडात नुसता फिरायला लागला. आणि व्याही आग्रह करतायत, घ्या की अजून, घरचाच हाय.

सकाळी उठून मी चूक गुपचूप निस्तरायला गेलो. म्हटलं, रोपं उपटू, चार दिवस ऊन खाल्लं की सगळं परत वाळेल. पहिल्या रोपाला हात घातला तोवर विहीणबाई मागं उभ्या. मी म्हणालो, इथं ऊन जास्त आहे, दुसरीकडं लावतो. त्यांना वाटलं, आपल्या हातून काही उणं राहिलं आणि पाहुणा रुसला. म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, मी रोज पाणी घालीन. नुसतं म्हणून थांबल्या नाहीत, माझ्यादेखत कळशीभर आणून ओतलंसुद्धा. मी म्हणालो, नको, शेवंतीला पाणी सोसत नाही. तर शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, काल तर तुमीच सांगत व्हता उन्हं तापल्यावर घालायचं. आता काय बोलणार? मी जितकं काढायला जावं, तितकं त्या घराचं अगत्य वाढत जायचं. शेवटी मी तिथून पळ काढला. निघताना व्याह्यांनी मला पिशवीभर तांदूळ दिला. ती पिशवी उचलताना मला एवढी लाज वाटली, की मी मान वर करून निरोपसुद्धा घेतला नाही.

घरी आल्यावर मंडळींनी सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मला तर बाग नकोशी झाली. एकच घोर लागला. पोर त्या घरात नवीन. उद्या कोणी टोमणा मारला, तुझ्या बापानं आमच्या राबात पाणी ओतलं, तर ती काय करणार? हे बागायतवाले असलेच म्हणून तिला परकी धरली तर? मी येताजाता फोन करून विचारायचो, कोणी काही बोललं का गं? ती म्हणायची, न्हाई. पण लेकी खरं कुठं सांगतात?

मग कळलं, की वाडीतल्या घराघरानं एकेक भारा आणून टाकला आणि खालच्या अंगाला दुसरा राब उभा राहिला. परसातला पहिला मोडून माझी रोपं उपटायला मात्र कोणी तयार झालं नाही, पाहुण्याच्या हातची म्हणून. त्या दुसऱ्या राबावर भाताची रोपं झाली, लावणी झाली, भात उत्तम पिकलं. आणि शेवंती? डोंगरातल्या पावसात कुजून गेली. विहीणबाईंनी फोन करून मला ते अशा आवाजात सांगितलं, की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. एक गुलाब तेवढा जगला.

यंदा थंडी सरता सरता व्याह्यांचा फोन आला. पावणं, राब भाजायचाय, या. मी शंभर कारणं सांगितली. ते ऐकेनात. शेवटी गेलो. रोप नाही, काडी नाही, दोन्ही हात मोकळे.

सकाळी चहा झाला. व्याही आणि विहीणबाई राहिलेला पाला आणायला रानात निघाले, जावई जीप घेऊन गेला. बघतो तर सारिका घरीच. परसात यंदाचा राब रचलेला, आणि ती शेजारच्या दगडावर निवांत बसलेली. विचारलं, कामाला जायचं नाही? म्हणाली, आज सुट्टी टाकलीय.

बघा राव! पोरीनं बापासाठी सुट्टी टाकली! किती दिवसांनी आम्ही दोघं असे उन्हात बसलो होतो. गावातलं सगळं बोलून झालं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची विहीर आटली, तिच्या आईचे गुडघे. मी पाय मोकळे करायला उठलो, तर तीही उठली. मी राबाकडं चार पावलं गेलो, तर ती मागोमाग. मी विहिरीकडं वळलो, तर माझ्या पुढं. म्हटलं, बाळा, मी काय कुठं पळून जातोय का? एका म्हाताऱ्यासाठी एवढी सुट्टी वाया घालवलीस.

ती मला परत दगडापाशी घेऊन आली.

ऊन चढल्यावर विहीणबाई आल्या. मला वाकून नमस्कार केला, आणि मग सारिकाच्या कानाशी लागून हळूच विचारलं. पण डोंगरातली शांतता, मला सगळं ऐकू आलं.

"कोरडं हाय ना समदं?"

"हाय, आत्याबाई. मी सकाळधरनं परसातनं हलले न्हाई." मग मी ऐकलं हे तिच्या लक्षात आलं. लाजली नाही, काही नाही. सरळ म्हणाली, "राग मानू नका, अण्णा. पण आमचं वर्साचं भात हाय."

आमचं, म्हणाली.

एक वर्ष मी घोर लावून घेतला होता, पोर त्या घरची झाली की नाही. झाली हो! अशी झाली, की दुसरे लोक रानडुकरापासून रान राखतात, आणि माझी लेक सुट्टी टाकून सख्ख्या बापापासून राब राखत बसली होती.